केळकरांची मोजणी

"आज थंडी जरा जास्तच आहे," असं केळकरकाकांसमोर म्हणायची सोय नाही. ते तत्काळ विचारतात, "कशाने मोजलीत?"

हा प्रश्न ते कुणालाही विचारतात. आमच्या इमारतीची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरने जिन्यात आवाज फार होतो अशी तक्रार केली, तर त्याला विचारला. मंडळाच्या गणपतीत एक वहिनी म्हणाल्या की यंदा मोदक मागच्या वर्षीपेक्षा मऊ झालेत, तर त्यांना विचारला. त्या वहिनी अजून काकांशी बोलत नाहीत. काकांचं म्हणणं, हेही कुणी नीट मोजलेलं नाही. दसऱ्याला त्या दोन शब्द बोलल्या होत्या.

माणूस मूळचा सांगलीचा. न्युरेम्बर्गमधल्या एका कारखान्याच्या मोजमाप विभागात एकतीस वर्षं काढली. लोखंडाचा तुकडा केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाने जरी चुकला तरी पकडायचा, हे काम. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी घड्याळ दिलं. ते त्यांनी आठवड्याने परत नेऊन दिलं, कारण दिवसाला चार सेकंद मागे पडत होतं. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी आमचा फ्रिज उघडून आत थर्मामीटर ठेवला, आणि चहा पिऊन झाल्यावर आकडा वाचून म्हणाले, "अहो, तुमचं दूध दोन दिवस आधीच म्हातारं होतंय." काका सगळ्यांना अहो म्हणतात. अडकलेल्या लिफ्टलासुद्धा.

जर्मन लोक दर वाक्याला 'गेनाऊ' म्हणतात, म्हणजे 'अगदी बरोबर'. इथे दोन वर्षं राहिलेला पुणेकरसुद्धा फोनवर आईशी बोलताना मध्येच गेनाऊ म्हणून जातो. काका म्हणत नाहीत. त्यांच्या मते अगदी बरोबर अशी गोष्ट जगात क्वचित घडते आणि तो शब्द तेवढ्यासाठी राखून ठेवावा. मी त्यांच्या तोंडून तो आठ वर्षांत एकदाच ऐकला. ते पुढे सांगते.

आधी माझं सांगते. मी मीनल. काकांच्या खालच्या मजल्यावर राहते, एका लॅबमध्ये रक्त तपासते, आणि गप्प बसते. या तिसऱ्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. शाळेत दुसऱ्या मुलीने केलेल्या चुकीसाठी मी दोन तास वर्गाबाहेर उभी राहिले होते, फक्त बोलायचा कंटाळा म्हणून. आता मात्र बोलणार आहे. नवरा म्हणतो, कशाला लिहितेस, लॅबपर्यंत पोचलं म्हणजे? पोचू दे. ज्याला जे म्हणायचंय ते त्याने म्हणावं. मी केळकरकाकांना चार महिने चुकीचं औषध पाजलं, आणि कळल्यावर पाच आठवडे तोंड शिवून बसले. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मधलं आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात काकांना खोकला झाला. साधा नव्हे. आमच्या छतावरचा दिवा हलायचा. काकू जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी कोलोनला. रविवारी अकरा वाजता तिचा फोन येतो, नातू स्क्रीनवर येऊन 'हालो ओपा' म्हणतो आणि पळतो. म्हणून एका संध्याकाळी मी काढा करून थर्मासमधून वर नेला. तुळस, आलं, मिरी, लवंग. काकांनी घोट घेतला आणि म्हणाले, औषध ठीक आहे, पण गूळसाखर घालू नका, डॉक्टरीणबाईंनी साखर कमी करायला सांगितलीय.

मग कडू काढा गोड कसा करायचा? माझ्या स्वयंपाकघरात उपाय होता. सासूबाईंनी पुण्याहून दिलेला ज्येष्ठमधाचा अर्ध्या किलोचा पुडा. साखर नाही, तरी गोड. घशालाही चांगला. लहानपणी गाण्याच्या क्लासला जाताना आम्ही त्याच्या काड्या चघळत जायचो. मी दोन चमचे पूड घातली. काकांना आवडला. दुसऱ्या दिवशी अडीच घातली.

खोकला तीन आठवड्यांत गेला. काढा गेला नाही. सहा वाजता मी कामावरून यायची, सव्वासहाला थर्मास घेऊन वर. पंचवीस मिनिटं, अर्धा तास बसायची. ते कप संपवायचे, मला आज जगात कोण काय चुकीचं मोजतंय ते सांगायचे. मी ऐकायची. ज्याच्याशी बोलायला लागत नाही असा माणूस मिळणं ही माझ्यासाठी केवढी चैन होती, ते माझ्यासारख्यालाच कळेल.

जानेवारीत काकांच्या पोटऱ्यांना गोळे यायला लागले. पाय जड. मग रक्तदाब तपासला तर वर गेलेला, चांगलाच वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी सुरू करू. काकांनी साफ नकार दिला.

"कारण सापडत नाही तोवर गोळी नाही," त्यांनी बाईंना सुनावलं. "मशीन तापलं तर आम्ही त्याच्यावर पाणी ओतत नाही. बेअरिंग बघतो."

बाईंनी हात टेकले आणि रक्त तपासलं. त्यात पोटॅशियम कमी निघालं. रक्तदाब वर आणि पोटॅशियम खाली, असं दिसलं की डॉक्टरला एका हॉर्मोनचा संशय येतो. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, ती अल्डोस्टेरॉन नावाचं हॉर्मोन बनवते. ते मूत्रपिंडाला सांगतं, मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोड. ते फार झालं की रक्तदाब चढतो. हे हॉर्मोन आणि त्याच्यावर हुकूम चालवणारं रेनिन, दोन्ही एकत्र मोजायची एक तपासणी असते. ती आमच्या लॅबमध्ये होते. अकरा वर्षं ती माझ्या टेबलावर आहे.

या तपासणीचा तोरा मोठा. रक्त सकाळीच घ्यायचं. पेशंटने उठल्यापासून दोन तास आडवं व्हायचं नाही, बसलं-उठलं-फिरलं तर चालेल, मग शेवटी दहा मिनिटं शांत बसायचं, मग सुई. आणि रक्त बर्फावर ठेवायचं नाही; थंडीत रेनिन खोटंच जागं होतं आणि आकडा फुगतो. हा सूचनांचा कागद मी काकांच्या हातात दिला. त्यांनी तो चष्मा वर करून, चष्मा खाली करून, दोनदा वाचला. मग कागदाकडे बघत हळूच म्हणाले, "गेनाऊ." उभ्या जन्मात पहिल्यांदा वैद्यकशास्त्राने त्यांच्याशी माणसासारखं बोलल्याचा आनंद होता तो.

तपासणीच्या सकाळी दवाखान्यात रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, बसा ना. काकांनी घड्याळ दाखवलं. एक तास बेचाळीस मिनिटं झाली होती, अजून अठरा बाकी. बसलेल्या दहा जर्मन माणसांच्या मधून ते हात मागे बांधून फेऱ्या मारत राहिले. आडवं व्हायचं नाही एवढंच कागदावर होतं. काकांनी बसणंही स्वतःला वर्ज्य केलं होतं. एक म्हातारी बाई बिचारी उठून उभी राहिली, तिला वाटलं खुर्ची कमी पडतेय. काकांनी तिला खाली बसवलं आणि संपूर्ण तपासणी समजावून सांगितली. रक्त घेतल्यावर त्यांनी नळीबद्दल नर्सला तीनदा बजावलं, आणि मग ती नळी कुठल्या कपाटात ठेवली ते बघायला मागे गेले. त्यांना बाहेर काढण्यात आलं. "काढू दे," ते मला म्हणाले, "नळी फ्रिजच्या बाहेरच ठेवली होती."

त्याच कागदावर तळाला एक ओळ होती. लाक्रिट्झ खाऊ नये. लाक्रिट्झ म्हणजे त्या काळ्या चिवट गोळ्या, रबराला मीठ-साखर लावल्यासारख्या. उत्तर जर्मनीत लोक मुठीमुठीने खातात. त्यातला एक घटक शरीरात जाऊन त्या हॉर्मोनचंच काम करतो. डॉक्टरीणबाईंनी काकांना विचारलं, लाक्रिट्झ खाता का? काका दुखावले. मी शाकाहारी माणूस, टायर खात नाही, म्हणाले.

रिपोर्ट काकांनीच आणून मला दाखवला. लॅबमध्ये मी नावं वाचत नाही, बारकोड वाचते. दोन्ही आकडे तळाला. अल्डोस्टेरॉनही कमी, रेनिनही कमी, आणि रक्तदाब मात्र छपराला. साहेबही रजेवर आणि शिपाईही रजेवर, तरी ऑफिसातून हुकूम सुटतायत. कुणीतरी तिसराच हॉर्मोनच्या नावाने सही करत होता. बाईंनी काही दुर्मीळ आजारांची नावं घेतली आणि मोठ्या रुग्णालयात पाठवायचं ठरवलं. जूनची तारीख मिळाली. तोवर पोटॅशियमच्या गोळ्या. काका छाती काढून फिरत होते. त्यांच्यासारखा पेशंट बाईंनी पाहिलेला नव्हता. मला मात्र झोप लागेना. पोटॅशियम फार खाली गेलं तर हृदय कधी ठोका चुकवेल सांगता येत नाही. मी काळजीने काढ्यात अर्धा चमचा वाढवला.

हसू नका. म्हणजे हसा, पण पुढचंही ऐका.

मार्चच्या सुरुवातीला लॅबमधली ज़ाबीने नावाची माझी मैत्रीण खोकत होती. दुपारी तिने घशासाठीच्या चहाचं पाकीट उघडलं. पाकिटावर चित्र होतं, पिवळसर, दोरीसारख्या मुळ्यांचं. मी ओळखलं. खाली लिहिलं होतं 'झ्यूसहोल्झ'. गोड लाकूड. मी तिला विचारलं, हे काय असतं?

"अगं, लाक्रिट्झ याचाच तर करतात," ती म्हणाली. "तू नाही का रोज फोनवर सांगतेस, खाऊ नका म्हणून?"

सांगते. अकरा वर्षं सांगतेय. दवाखान्यांतून फोन येतात, मी पाठ म्हणते, लाक्रिट्झ नको. आणि घरी येऊन ज्येष्ठमधाचा डबा उघडते. माझ्या डोक्यात दोन कपाटं आहेत, एक जर्मन आणि एक मराठी. एकात लाक्रिट्झ होता, एकात ज्येष्ठमध. मधलं दार मी कधी उघडलंच नव्हतं. जर्मन माणसाच्या हातून ही चूक झाली नसती, त्याच्याकडे ज्येष्ठमध नसतो. पुण्यातल्या माझ्या बहिणीच्या हातूनही झाली नसती, तिच्याकडे लाक्रिट्झ नसतो. ती करायला मीच हवी होते.

त्या संध्याकाळी वर जाऊन सांगायला हवं होतं. मी पुडा कचऱ्यात टाकला आणि काढ्यात गूळ घातला. चव घेऊन पाहिली, गोडी तंतोतंत जमवली, आणि थर्मास घेऊन वर गेले. काकांनी कप संपवला. मी म्हटलं, डाळ शिजत ठेवलीय, आणि निघाले.

उद्या सांगू असं रोज ठरवलं. त्यांच्या दारात उभी राहिले की 'डाळ शिजतेय' एवढंच तोंडून निघायचं. सांगून काय होणार, आता तर बंदच केलंय, असं स्वतःला समजावलं. लॅबमधलं माझं नाव, एवढी वर्षं, तेही डोक्यात होतं. नव्हतं म्हणणार नाही.

इकडे काकांचा रक्तदाब उतरायला लागला. महिन्याभरात खाली. पोटऱ्यांचे गोळे गेले, पोटॅशियम जाग्यावर आलं. डॉक्टरीणबाई सुरुवातीला चक्रावल्या. काका मुळीच चक्रावले नाहीत, कारण त्यांच्याकडे कारण तयार होतं. तपासणीच्या दिवशी दोन तास उभं राहिल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं होतं की त्यांनी ते रोजचंच केलं होतं. सकाळी सात ते नऊ इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून पेपर, चहा, दाढी, मग दहा मिनिटं बसणं. याला त्यांनी 'केळकर पद्धत' असं नाव दिलं. हाउसमाइस्टरला शिकवली. कोलोनच्या जावयाला शिकवली. आणि एप्रिलमध्ये मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला, पुढच्या शनिवारी श्री. केळकर यांचं व्याख्यान, विषय 'गोळीविना रक्तदाब', नंतर अल्पोपहार.

दुसऱ्याच दिवशी मला सुधाताईंचा फोन आला. सत्तरीच्या, मुलाकडे राहतात, पंधरा वर्षं गोळ्या चालू. त्यांनी विचारलं, "तू लॅबवाली आहेस म्हणून विचारते गं, सोमवारपासून मी पण उभीच राहू का? गोळ्यांनी तोंडाला चव नाही राहिलेली."

मी त्यांना म्हटलं, गोळ्यांना हात लावायचा नाही. फोन ठेवला आणि तशीच वर गेले. थर्मास घ्यायचं सुचलं नाही.

काकांनी दार उघडलं. मी आत जाऊन उभ्या उभ्याच म्हटलं, "काका, ते व्याख्यान देऊ नका. तुमचा रक्तदाब उभं राहून उतरलेला नाही."

"कशाने मोजलंत?"

"कशानेच नाही. काढ्यात मी ज्येष्ठमध घालत होते, चार महिने रोज, वाढवत वाढवत. ज्येष्ठमध म्हणजेच लाक्रिट्झ. त्यानेच तो चढला होता. मला मार्चमध्ये कळलं. मी गुपचूप काढून टाकला आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुमचं हृदय बंद पडलं असतं, काका."

एवढं लांब मी लग्नात उखाणा घेतानाही बोलले नव्हते.

काका आतल्या खोलीत गेले आणि हिरव्या पुठ्ठ्याची वही घेऊन आले. सोबत एक छोटी धातूची नळी. कारखान्यात यंत्रावर सोडायच्या पाण्यात तेल किती मिसळलंय ते त्या नळीतून बघतात. एक थेंब काचेवर टाकायचा, डोळा लावायचा, आकडा दिसतो. साखरेचं पाणी असेल तर साखर किती तेही कळतं. काका पहिल्या दिवसापासून माझा काढा त्यात घालून मोजत होते.

"सात मार्च," वहीवर बोट ठेवून ते म्हणाले. "तोवर आकडा दीड. सात तारखेला एकदम आठ. चवीला गोडी तीच. म्हणजे आधी जे गोड होतं ती साखर नव्हती, आणि आता आहे ती साखर आहे. साखर नाही आणि गोड आहे, असं तुमच्या स्वयंपाकघरात काय असेल, याचा विचार करायला मला दहा दिवस लागले. ज्येष्ठमधाचं जर्मन नाव शोधलं, बाकीचं तुम्हीच दिलेल्या कागदावर होतं. डॉक्टरीणबाईंना मी तेव्हाच कळवलं. जूनची अपॉइंटमेंट रद्द केली."

मला खाली बसावंसं वाटलं, पण बसायचा हक्क नाही असंही वाटलं. मी विचारलं, मग ती केळकर पद्धत? पहिले दहा दिवस त्यांनाही खरंच तसं वाटलं होतं, म्हणाले. आणि व्याख्यान? ते ज्येष्ठमधावरच होतं, पहिल्यापासून. शीर्षक असं ठेवलं नाही तर मंडळात बटाटेवडे सोडून ऐकायला कोण येतं? सुधाताईंनी आदल्या दिवशी काकांनाच विचारलं होतं, आणि काकांनी झापलं होतं. सुधाताईंनी मला फोन केला तो दुसरं मत घ्यायला.

आता मला राग आला. खरंच आला. पाच आठवडे मी रोज जिन्यात मरत होते आणि हा माणूस वर बसून वहीत लिहीत होता. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"का बोलू?" काकांनी मान ताठ केली. "बोलायची पाळी तुमची होती."

मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. तारीख, रक्तदाब, पोटॅशियम, काढ्याचा आकडा, असे रकाने होते. शेवटच्या रकान्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मीनलबाई, मिनिटं'. नोव्हेंबरपासून सगळं होतं. सव्वीस. एकतीस. बावीस. संक्रांतीला अठ्ठेचाळीस. आणि सात मार्चनंतर बारा, नऊ, चार. गेल्या आठवड्यात दोन. काल एक, आणि कंसात 'दारातच'.

"रक्तदाब उतरला त्याचं कारण सापडलं," ते वहीकडेच बघत म्हणाले. "हा उतरतोय त्याचंही सापडलं. उपाय सापडेना. मी कळलंय म्हणालो असतो तर तुम्ही ओशाळून खालीच बसला असतात. हा शून्यावर आला असता. म्हणून व्याख्यान लावलं. म्हटलं, बघू, एवढ्याने तरी चिडून वर येतात का."

मी खुर्ची ओढली आणि बसले. माफी मागायची होती, ती मागितली नाही. त्यांनाही ती नको होती. एव्हाना ते पुढचा विषय काढून बसले होते, कोपऱ्यावरच्या बेकरीत अर्ध्या किलोच्या पावात अकरा ग्रॅम कमी भरतात आणि त्या बाईला लेखी विचारलं पाहिजे. मी ऐकत होते. कधी नव्हे ते मध्ये बोललेही, म्हटलं, पाव गरम असताना मोजला होतात का गार झाल्यावर? काका थांबले. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

तेवढ्यात नवऱ्याचा, शिरीषचा, फोन आला. कुठे आहेस, किती वेळ झाला, कुकर लावायचाय.

"तूच लाव," मी म्हटलं. "आणि तिघांचा लाव."